वाईतून पायी फिरताना तुम्हाला काय दिसलं?

कृष्णाकाठची

गेल्या रविवारी सकाळी आम्ही काही जण वाईतून पायी फिरलो. मोठा रस्ता टाळून आळ्याआळ्यांतून, जमेल तिथे कृष्णेच्या काठाने. माहिती सांगणारं कुणी बरोबर घेतलं नव्हतं, मुद्दामच. ज्याला जे दिसेल ते त्याने बघावं, थांबावंसं वाटलं तर थांबावं आणि घरी गेल्यावर लिहावं, एवढंच ठरलं होतं. हा धागा त्यासाठी. जे त्या दिवशी आले नाहीत, पण वाईत राहतात, राहून गेलेत किंवा कधीतरी इथल्या घाटावर निवांत बसलेत, त्यांनीही लिहा.

सुरुवात मी करते. बाहेरून येणारे बहुतेक लोक ढोल्या गणपतीजवळ गाडी लावतात, दर्शन घेतात आणि पसरणी घाट चढून पाचगणीला निघून जातात. त्यांचं काही चुकतं असं नाही, पण त्यांना वाई दिसत नाही. मोठ्या रस्त्यावर एसटी स्टँड, मोबाईलची दुकानं, बँका, कुठल्याही तालुक्याच्या गावात असतं तेच आहे. तिथून कोणत्याही आळीत वळा. पायाखालचा रस्ता उतरायला लागतो आणि शेवटी घाटाच्या पायऱ्याच लागतात. रस्त्यावरून वाई पाठमोरी दिसते. तिचं तोंड नदीकडे आहे.

गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह, भीमकुंड. सात आळ्या, प्रत्येकीचा आपला घाट, आपली देवळं आणि उत्सवाचे आपले दिवस. इतकी वर्षं इथे राहून या वेळी मी जोत्यांकडे, म्हणजे घराखालच्या दगडी चौथऱ्यांकडे, बघत चालले. नदीजवळच्या जुन्या घरांची जोती चांगली उंच आहेत, दाराला पाचसहा पायऱ्या. पेठेकडे वर यावं तशी जोती बसकी होत जातात. पूर कुठपर्यंत येऊ शकतो हे घर बांधणाऱ्यांनी जोत्यातच लिहून ठेवलंय.

देवळांची यादी नको, ती कुठेही मिळते. तुमच्या डोळ्यांना काय दिसलं ते हवं.

दगडचुना

फेरीत मी होतो. नोकरीभर पूल आणि बंधारे यांच्याशीच संबंध आला, त्यामुळे मी ढोल्या गणपतीच्या मागे गेलो आणि तिथेच बराच वेळ राहिलो. बाकीचे पुढे गेले तरी माझा पाय निघेना.

हे देऊळ १७६२ साली गणपतराव भिकाजी रास्ते यांनी बांधलं. रास्ते म्हणजे गोपिकाबाईंचं माहेर, माधवराव पेशव्यांचं आजोळ. आतली मूर्ती प्रचंड, एकाच दगडातून घडवलेली. लोक तिच्याकडे बघतात हे योग्यच. पण एकदा बाहेरून वळसा घालून गाभाऱ्याची मागची भिंत बघा. ती सपाट नाही, माशासारखी निमुळती होत टोकाला आलेली आहे. 'पुराचं पाणी कापायला' असं सगळे सांगतात, ते खरंच आहे. मला ते जरा उलगडून सांगावंसं वाटतं.

पुराचं पाणी नुसतं उंची वाढवत नाही, ते ढकलतं. त्यात झाडांचे ओंडके असतात, दगडगोटे असतात. सपाट भिंत आडवी आली तर सगळा रेटा तिच्यावर येतो. त्याहून वाईट म्हणजे अडलेलं पाणी खाली वळतं, कोपऱ्यांशी भोवरे करतं आणि पायाजवळची माती उपसून नेतं. नदीतली बांधकामं पडतात ती बहुतेक वेळा पाया उघडा पडल्यामुळे. भिंतीला टोक दिलं की पाणी दोन बाजूंना वाटलं जातं, रेटा कमी होतो, भोवरे कमी होतात. आजही पुलाच्या खांबांना प्रवाहाच्या बाजूने असंच टोक देतात. ज्याने हे देऊळ योजलं त्याला नदी ठाऊक होती. त्याने नदीपासून लांब पळायचं ठरवलं नाही. तिच्यात उभं राहायचं ठरवलं आणि ते कसं जमेल याचा नीट विचार केला. अडीचशेहून जास्त पावसाळे ही भिंत उभी आहे. मी हात लावून उभा होतो तेव्हा खरं सांगतो, भरून आलं.

आता एक कळकळीची विनंती. घाटांच्या काही पायऱ्यांमध्ये सिमेंटने सांधे भरलेले दिसले. हे करणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, पण परिणाम वाईट होतो. जुनं काम चुन्यातलं आहे. चुना सावकाश घट्ट होतो, दगड थोडा हलला तरी सांभाळून घेतो आणि ओल बाहेर सोडतो. सिमेंट कडक, ते ओल आत कोंडतं. मग क्षार साठतात आणि दगडाच्या कडा पापुद्रे सुटून झिजतात. दगडच झिजला की सांधा कितीही पक्का असून काय उपयोग? डागडुजीचं काम निघेल तेव्हा आळीतल्या लोकांनी 'चुन्यातच करा' असा आग्रह धरावा. चुन्याचं काम जाणणारे कारागीर अजून मिळतात.

आणि एक विचारायचंय. वरचं धोम धरण १९७० च्या दशकात झालं. त्याआधीच्या पुरांच्या पातळीबद्दल कुणाच्या घरात काही आठवणी, खुणा असतील तर लिहा.

गंगापुरीची लेक

लग्न होऊन वाईबाहेर गेले त्याला खूप वर्षं झाली, पण दगडचुना काका, तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे थोडंसं आहे. माझी आजी पूर फुटात सांगत नसे, पायरीत सांगत असे. 'पाणी देवळाच्या खालच्या पायरीला लागलं', 'ओवरीत शिरलं', 'आता धान्याची पिंपं माळ्यावर चढवा'. आळीतल्या बायका घाटावर जाऊन बघून यायच्या आणि तेवढ्या एका वाक्यावर घराघरांत पुढची कामं ठरायची. आजीने सगळ्यात मोठ्या पुराची म्हणून दाखवलेली पायरी मला अजून ओळखता येईल. त्या पायरीच्या टोकाला बोटभर टवका उडालेला आहे.

आता माझं बघणं. मी वाईला येते ती शक्यतो कृष्णाबाईच्या उत्सवात. माघ-फाल्गुनात एकेका घाटाचा उत्सव पाळीपाळीने होतो. घाटावर मांडव पडतो, कृष्णाबाईची मूर्ती बसते, कीर्तनं होतात, पंगती उठतात. एका आळीचा संपला की दुसरीचा सुरू. अफजलखान १६५९ मध्ये वाईत तळ देऊन होता, तेव्हा स्वराज्यावरचं संकट टळावं म्हणून कृष्णामाईला नवस बोलला गेला आणि त्यातून हा उत्सव सुरू झाला, अशी परंपरा सांगतात. आम्हा पोरींना लहानपणी इतिहासापेक्षा पंगतीत वाढायला मिळण्याचं अप्रूप होतं.

बाहेरच्या माणसाला उत्सव म्हणजे गर्दी दिसेल. मला त्यात नदीची मोजदाद दिसते. मांडव घालायचा म्हणजे आधी घाट झाडावा लागतो, गाळ काढावा लागतो, कुठली पायरी हलतेय ते कळतं, कुठे शेवाळ धरलंय ते कळतं. दर वर्षी प्रत्येक आळी निदान त्या काही दिवसांपुरती आपल्या घाटाकडे नीट बघते. हे बघणं वर्षभर राहावं असं मला फार वाटतं.

कडीपाट

मी वाड्यात राहतो. फेरीतले लोक आमच्या दारापाशी थांबले होते, दिंडीदरवाजाचे फोटो काढत होते, 'किती छान' म्हणत होते. मी आत बोलावलं, चहा झाला. सगळे मनापासून बोलत होते, मलाही बरं वाटलं. पण त्यांना जे दिसलं नाही ते इथे लिहितो.

वाडा बाहेरून दगडी दिसतो. जोतं आणि खालचा भाग दगडाचा, वरचं काम विटांचं आणि मातीचं, आणि सगळा भार लाकडावर. खांब, त्यावर तुळया, त्यावर सर (आडवी लाकडं), त्यावर कडीपाट, म्हणजे लाकडी कड्या आणि फळ्या, वर माती, मग छपराला कौलं. यात एक गोष्ट जरी ढिली पडली तरी बाकीच्यांवर येते. कौल सरकलं की पाणी मातीत मुरतं, माती ओली राहिली की लाकडाला वाळवी लागते, सर खचला की भिंतीला पोट येतं. म्हणून मृगाआधी कौलं शेकरून, म्हणजे पुन्हा नीट लावून, घ्यायचीच. शेकरणारी माणसं आता कमी झाली आहेत. जुन्या मापाचं कौल मिळत नाही, जुन्या मापाचं सागवान परवडत नाही.

आणि वाडा एकट्याचा नसतो. आमच्या वाड्याला चुलत, सख्खे, आत्यांची मुलं धरून इतके हिस्सेदार आहेत की सगळ्यांच्या सह्या एका कागदावर आणणं हेच मोठं काम. एक जण म्हणतो दुरुस्त करू, दुसरा म्हणतो बिल्डरला देऊ, तिसरा परदेशात आहे. जुने भाडेकरू नाममात्र भाड्यावर आहेत, त्यांनाही कुठे जाणार हा प्रश्न आहेच. असं वीस-तीस वर्षं चालतं आणि एका पावसाळ्यात मागचा सोपा, म्हणजे पडवी, बसतो. मग त्या जागी चार मजली इमारत उभी राहते आणि लोक म्हणतात, वाईकरांना जुन्याची कदर नाही.

कदर आहे हो. आई अजून रोज चौकातलं वृंदावन सारवते. मला वाटतं, ज्यांना वाडे टिकावेत असं मनापासून वाटतं त्यांनी दारात फोटो काढण्याबरोबर एखाद्या हिस्सेदाराला गाठून बोलावं, चांगला सुतार माहीत असेल तर नंबर द्यावा, जुन्या घरातलं लाकूड निघत असेल तर कळवावं. अशा मदतीने आमच्या पुढच्या सोप्याचे दोन खण वाचले आहेत. तुळई मिळाली ती पलीकडच्या गल्लीत पडलेल्या वाड्यातली.

सावकाश चाल

कडीपाट, तुमचं लिहिणं वाचून मोठ्या मुलाला फोन केला. आमचाही एक वाडा असाच अडकून पडलाय. बोलणं झालं, पुढे बघू.

माझी पंचाहत्तरी उलटली आहे. मी फेरीत सगळ्यात मागे होतो. मागे असल्याने मला पायऱ्या दिसल्या. घाटाच्या पायऱ्या सरसकट सारख्या नाहीत. काही ठिकाणी चढ बेताचा आणि पायरी रुंद, गुडघ्यांना त्रास होत नाही. मधे मधे रुंद टप्पे सोडलेत, तिथे टेकता येतं, कपडे ठेवता येतात, म्हातारं माणूस दम खाऊ शकतं. टप्प्यांच्या कडेला ओवऱ्या आहेत, त्यात सावली. ज्यांनी हे घाट बांधले त्यांच्या मनात घागर घेऊन चढणारी बाई होती, सोवळ्यात थंडीने कुडकुडणारा म्हातारा होता. नवीन बांधलेल्या ठिकाणी हा विचार मला कमी दिसतो. चढ उंच, कठडा नाही, बसायला जागा नाही. नवीन घाट किंवा रस्ता करणाऱ्यांनी एकदा जुना घाट उतरून आणि चढून बघावा, हातात ओझं घेऊन.

छोटीची आई

माझी सहा वर्षांची लेक बरोबर होती. तिच्या उंचीवरून वाई वेगळीच दिसते.

तिला कळसांत रस नव्हता. तिला जमिनीतली कासवं सापडली. सभामंडपात दगडात कोरलेली, वर्षानुवर्षं पायांनी गुळगुळीत झालेली. पुढच्या देवळात शिरताच ती आधी खाली बघायची. मग काशीविश्वेश्वराचा नंदी. ढोल्या गणपतीच्या शेजारीच हे देऊळ आहे, तेही रास्त्यांनीच बांधलेलं. नंदी काळ्याभोर दगडाचा, आणि असा घोटलेला की तिला त्यात स्वतःचा चेहरा पुसटसा दिसला. तिने त्याच्या गळ्यातल्या घुंगरमाळेवरून बोट फिरवत सगळी घुंगरं मोजली आणि मला विचारलं, 'हे करणाऱ्याला कंटाळा नाही आला?' मी म्हटलं, नसावा आला. शेवटचं घुंगरूही पहिल्याइतकंच नीट आहे.

दीपमाळेजवळ तिला समजेना की वरचे दिवे लावायला कोण चढतं. तिथल्या गुरवकाकांनी तिला दीपमाळेतून बाहेर आलेले दगड दाखवले, त्यांवरच पाय ठेवत चढायचं आणि त्यांवरच दिवे ठेवायचे. त्यांनी तिच्याशी जितका वेळ घालवला तितका मोठ्या माणसांशी कुणी घालवत नाही. मुलांना घेऊन या अशा फेरीला. फक्त घाटावर हात सोडू नका, खालच्या पायऱ्या शेवाळलेल्या असतात.

वाचनवेडा

मी गंगापुरीत दोन दारांपुढे थांबलो. फोटो काढावा असं तिथे काही नाही, म्हणून बाकीचे चालत राहिले असावेत.

एक प्राज्ञपाठशाळेचं. नारायणशास्त्री मराठे, म्हणजे पुढचे स्वामी केवलानंद सरस्वती, यांनी उभी केलेली ही पाठशाळा. १९१७ मध्ये विनोबा भावे साबरमतीच्या आश्रमातून रजा घेऊन आले ते इथे, वाईत, नारायणशास्त्र्यांकडे वेदान्त शिकायला. शिकता शिकता त्यांनी गावातल्या मुलांना गोळा करून विद्यार्थी मंडळ काढलं. त्याच्या वाचनालयासाठी पैसे हवे होते, तर ही मुलं आणि विनोबा जात्यावर लोकांचं दळण दळून देत आणि मजुरी ग्रंथांना घालत. ब्रह्मसूत्रं शिकायला आलेला तरुण संध्याकाळी जातं ओढतोय, आणि आपण आज त्याच आळीतून चालतोय. मला तिथून हलवेना.

दुसरं दार मराठी विश्वकोशाचं. याच पाठशाळेत शिकलेले तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी विश्वकोशाचे पहिले प्रमुख संपादक. काम मुंबईत-पुण्यात नेता आलं असतं, ते वाईत झालं. १९७६ साली पहिला खंड आला, पुढे वीस खंड झाले. गणितापासून वनस्पतींपर्यंत, खगोलापासून खाद्यपदार्थांपर्यंत, मराठीत जगाची ओळख करून देणाऱ्या नोंदी या लहानशा गावात तपासल्या गेल्या, त्यांची मुद्रितं वाचली गेली. माझ्या वडिलांचे एक स्नेही तिथे कामाला होते. एका नोंदीतल्या एका आकड्यासाठी ते आठवडाभर पत्रव्यवहार करत. जेवताना विषय तोच. आम्हा मुलांना तेव्हा नवल वाटायचं की एवढं अचूक कुणासाठी करायचं. आता तोच मजकूर कुणीही मोबाईलवर फुकट वाचतो, दूरच्या खेड्यातली पोरं परीक्षेसाठी वापरतात. त्यांच्यासाठीच होतं ते.

वाईत आलात तर देवळांबरोबर या दारांवरूनही जा.

खंड्या

सकाळी लवकर घाटावर गेलात तर: खंड्या, ढोकरी, पाणकावळे, हिवाळ्यात शेपूट हलवत पायऱ्यांवर फिरणारे धोबी. फेरीत मला हे सगळे भेटले.

पण मला जास्त दिसलं ते भिंतींतलं रान. देवळांच्या शिखरांवर, घाटाच्या सांध्यांत, वाड्यांच्या गिलाव्यात पिंपळ आणि उंबर उगवलेत. पक्षी फळं खातात, विष्ठेतून बी सांध्यात पडतं, तेवढ्या ओलाव्यावर रुजतं. रोप वीतभर असतं तेव्हा हाताने निघतं. लोक पिंपळ उपटायला कचरतात, तो भाव मी समजू शकतो. मग कधीतरी नुसता वरचा भाग छाटला जातो. त्याने उलटं होतं, खालचं मूळ जाडजूड होत जातं आणि दगड बाजूला सारतं. काही वर्षांनी झाड काढायचं तर भिंत उकलावी लागते. पावसाळा संपला की आळीतल्या मुलांनी एक चक्कर मारावी आणि कोवळी रोपं मुळासकट काढून नदीकाठच्या मातीत किंवा माळावर लावावीत. देऊळही राहतं, पिंपळही राहतो.

नदीबद्दल लिहिताना वाईट वाटतं. जुन्या महाबळेश्वराला उगम पावलेली कृष्णा डोंगर उतरून वाईत येते, म्हणजे तिच्या सुमारे चौदाशे किलोमीटरच्या वाटचालीतलं हे अगदी सुरुवातीचं गाव. तिने इथे तरी नितळ असावं. उन्हाळ्यात काही घाटांपाशी पाणी हिरवं आणि साचलेलं असतं, सांडपाण्याचा वास येतो. काठावर स्वच्छतेसाठी राबणारी माणसं आहेत, त्यांना मी काम करताना पाहिलंय. निर्माल्याची पिशवी पाण्यात न टाकणं एवढं तरी आपण त्यांच्यासाठी करू या.

भटका सातारकर

रविवारी नव्हतो, पण मेणवली आणि धोमबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. वाईहून मेणवली तीनेक किलोमीटर, शेतांमधून चालत जावं असं अंतर. नाना फडणवीसांचा सहा चौकी वाडा, मागे अर्धचंद्राकृती घाट, घाटावर मेणेश्वर आणि विष्णूचं देऊळ. चित्रपटांमुळे हा घाट सगळ्यांच्या ओळखीचा झालाय.

मला तिथली घंटा बघायची असते. मराठी देवळातल्या घंटेसारखी ती दिसतच नाही. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून वसई घेतली, तिथल्या चर्चच्या घंटा मराठ्यांनी आणल्या, त्यांतली ही एक. तिच्यावर १७०७ हे साल आहे. वसईच्या समुद्राकाठी प्रार्थनेला बोलावणारी घंटा गेली अडीचशे वर्षं कृष्णेकाठी महादेवापुढे वाजतेय. तिचा नाद खोल आणि लांब जाणारा आहे. वाजवताना जपून वाजवा, जोराने हिसके देऊ नका. जुना धातू आहे.

तसंच पुढे धोमला जा. नंदी एका मोठ्या दगडी कासवाच्या पाठीवर बसलाय आणि भोवती कमळाच्या आकाराचा हौद. हौदात पाणी असेल तेव्हा कासव पोहत निघाल्यासारखं वाटतं. छोटीच्या आईने लेकीला इथे न्यायलाच हवं.

शेतावरून

आम्ही वाईच्या खालच्या अंगाला हळद करतो. सगळ्यांनी दगडांबद्दल लिहिलंय म्हणून वासाबद्दल लिहितो. फेब्रुवारी-मार्चमध्ये हळद काढून शिजवायला लागली की शेताशेतातून वाफा निघतात आणि वाळत घातलेल्या हळदीचा वास वाऱ्यावर गावात येतो. त्या दिवसांत या, मग बाजाराकडे जाणारे रस्तेही बघण्यासारखे असतात. पोती वाहणाऱ्यांचे हात, कपडे, गाडीची फळकुटं सगळं पिवळं.

दगडचुना

सगळ्यांचं वाचलं. गंगापुरीच्या लेकीला सांगायचंय की ताई, तुमच्या आजींची ती टवका उडालेली पायरी फार मोलाची आहे. नदीच्या आजच्या पातळीपासून तिची उंची मोजली तर धरणाआधीच्या पुराचा एक खराखुरा आकडा हाती येतो. अशा चारपाच जागा वेगवेगळ्या आळ्यांत सापडल्या तर नदीकाठचं कुठलं घर, कुठली शाळा किती पाण्यात जाऊ शकते हे नकाशावर मांडता येईल. कृष्णाकाठचीने जोत्यांचं लिहिलंय, तीही मोजता येतील. मोजायचं सामान मी आणतो.

कृष्णाकाठची

काका, पुढची फेरी मग याच कामासाठी करू. पाऊस सुरू व्हायच्या आत. गंगापुरीच्या लेकीने पायरी दाखवायला यायचं कबूल केलंय. बाकीच्या आळ्यांतून कुणाच्या घरी जुन्या पुराची खूण असेल, किंवा ती सांगू शकणारं वडीलधारं माणूस असेल, तर आळीचं नाव आणि यायची सोयीची वेळ इथे लिहा.

रामडोहातला

आमच्या ओट्याच्या कोपऱ्यावर पणजोबांनी छिन्नीने मारलेली आडवी रेघ आहे, जोत्याच्या वरच्या थराला. पुराचीच, असं वडील सांगायचे. शेजारच्या घरातही एक आहे, ती रंगाखाली गेलीय पण बोटाला लागते. दोन्ही घरी विचारून ठेवलंय, मोजायला हरकत नाही. दुपारी दोन ते चार आई झोपते, तेवढी वेळ सोडून केव्हाही या.